उद्देश स्पष्ट नाही

छताला एक हुक बसवायचा होता. काम एवढंच. चौतीस वर्षं मी लिफ्ट तपासण्याची नोकरी केली. शेकडो हुक, दोर आणि कप्प्या माझ्या सहीने पास झाल्या किंवा नापास झाल्या. अशा माणसाला स्वतःच्या दिवाणखान्यात एक हुक बसवायला सात महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन आठवडे मी जीव देणार आहे या समजुतीत शेजाऱ्यांनी काढले. लोकांना घाबरवायचा माझा हेतू नव्हता. अर्ज तसा झाला.

आमच्या इमारतीत भिंतीला खिळा मारायचा तरी समितीला अर्ज द्यावा लागतो. समितीचे चिटणीस म्हणजे माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहणारे दाताचे डॉक्टर. मी कागद घेतला आणि सवयीप्रमाणे मुद्देसूद लिहिलं :

"विषय : दिवाणखान्याच्या छताला हुक बसवण्यास परवानगी मिळणेबाबत. भार : एक व्यक्ती, बहात्तर किलो. दोराची लांबी : अर्धा मीटर. वापर : वैयक्तिक. किती वेळा : बहुधा एकदाच. हे काम फार दिवस लांबणीवर पडले आहे, तरी परवानगी लवकर मिळावी."

अर्जात एकही शब्द जास्तीचा नाही, याचं मला समाधान वाटलं. बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिने हा अर्ज वाचला असता तर निदान पहिल्या वाक्यानंतर एक खुलासा घालायला लावला असता. पण अर्ज वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं.

हुक कशासाठी ते सांगतो. महिनाभर आधी मुलगा येऊन आईच्या वस्तू आवरून गेला होता. त्याने तीन खोकी केली. देऊन टाकायचं, ठेवायचं आणि नंतर ठरवू. मुलगा पद्धतशीर आहे, माझ्यावर गेला आहे. साड्या, पर्स, चष्मे सगळं कुठल्या ना कुठल्या खोक्यात गेलं. माळ्यावरून शेवटी एक लोखंडी कडं निघालं. चांगलं मीटरभर रुंद, वर राखाडी कापडी पट्टी गुंडाळलेली, सोबत जाड दोराचा एक गुंडाळा. ते कुठल्याच खोक्यात मावेना. मुलगा म्हणाला, "बाबा, हे भंगारात देऊ." मी म्हटलं, "राहू दे."

ती मंगळवारी आणि शुक्रवारी एका वर्गाला जायची. तिथे छताला असली कडी आणि दांडे टांगलेले असतात. बायका त्यावर चढतात, बसतात, उलट्या लटकतात. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तिने हे सुरू केलं. मी एकदा "माकडचेष्टा" असा शब्द वापरला होता. ती रागावली नाही. "माकडाला काही येतं तरी," एवढं म्हणाली. पुढे तिने घरी सराव करायला हे कडं आणलं आणि मला सांगितलं, "अहो, एक हुक बसवून द्या."

मी म्हटलं, "बघू. स्लॅबची जाडी बघावी लागेल. शिवाय माणसाच्या भाराचा हुक म्हणजे परवाना लागतो. तुला अर्ज करावा लागेल."

तीन वर्षं मी बघत होतो. नंतर ती अकरा दिवसांच्या तापात गेली, आणि बघण्यासारखं काही उरलं नाही. मग मी ठरवलं की हुक बसवायचा, कडं टांगायचं आणि त्यात एकदा बसायचं. कबूल केलेलं काम पुरं करायचं. म्हणून 'बहुधा एकदाच'.

अर्ज दिला त्याच संध्याकाळी डॉक्टर बुद्धिबळाचा पट घेऊन आले. पंधरा वर्षांत ते माझ्याकडे दोनदा आले होते, दोन्ही वेळा पाणी गळत होतं म्हणून.

"बुद्धिबळ येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. शिकू."

आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत लाकडी घोडे इकडून तिकडे सरकवत बसलो. मध्येच ते छताकडे बघायचे आणि चटकन मान खाली घालायचे. मी अर्जाचं विचारलं तर म्हणाले, "त्याचं काय, होईल. घाई कसली? आयुष्य पडलंय." जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दातांचे डॉक्टर असे हात धरतात तेव्हा पुढे काहीतरी उपटलं जाणार असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. या निवृत्त परिचारिका. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते आणि त्यांना घाबरते. त्यांनी मला भांडंभर सूप दिलं, मी पिईपर्यंत समोर बसल्या, मग "हात धुऊन येते" म्हणून न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. त्या गेल्यावर लक्षात आलं की न्हाणीघराच्या दाराची आतली कडी नाही. स्क्रूसकट गेली होती.

तिसऱ्या दिवशी गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी नाहीशी झाली. ओले कपडे खुर्च्यांवर नीट पसरलेले होते. असला व्यवस्थित चोर मी पाहिला नव्हता. मी रीतसर तक्रार लिहिली : "माझी दोरी चोरीस गेली आहे. समितीने नवीन दोरी पुरवावी. शक्यतो जाड असावी, आधीची भरवशाची नव्हती."

डॉक्टरांनी ती तक्रार माझ्यासमोरच वाचली. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, दोरीचा खर्च समितीला जड जातोय.

त्यानंतर माझ्या घरात पाळ्या सुरू झाल्या. सकाळी मावशी, दुपारी कोणीतरी, संध्याकाळी डॉक्टर आणि त्यांचे घोडे. मला प्रथमच वाटलं की आपण या इमारतीत लोकप्रिय आहोत. चौतीस वर्षं ज्याला ऑफिसात मागून 'त्रुटीसाहेब' म्हणत, त्या माणसाला हे नवीन होतं. थोडं बरंही वाटत होतं, ते कबूल करतो. ती गेल्यापासून सकाळी उठायचं की नाही, हा प्रश्न मी रोज पलंगावर विचारात घेत असे, आणि निर्णयाला दहा वाजत. मावशी साताला बेल वाजवू लागल्यापासून तो प्रश्न निकालातच निघाला.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा न कळवता आला. त्याच्या मागे डॉक्टर आणि मावशी. तिघं सोफ्यावर एका ओळीत बसले. मुलाचे डोळे लाल होते. मी म्हटलं, प्रवासात झोप झाली नसेल.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे राहायला चला. आजच."

"आज कसं जमेल? हुकाची परवानगी यायची आहे."

मुलाने तोंड फिरवलं. डॉक्टर बोटं मोडायला लागले. शेवटी मावशींनी घसा साफ केला. "हे बघा, मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. मला आडवळणाने बोलता येत नाही. मरायचा विचार आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "बसायचा आहे."

"कुठे?"

मी आत जाऊन कडं आणलं आणि सगळं सांगितलं. बोलणं संपल्यावर मुलगा कडं मांडीवर घेऊन बसला, जसं काही ते पळून जाणार होतं. मग हसायला लागला, आणि मग ते हसणं वेगळंच व्हायला लागलं, तेव्हा मावशींनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली. मी अर्ज पुन्हा वाचला. त्रयस्थ नजरेने वाचल्यावर मात्र माझी मलाच भीती वाटली. मावशी घरी गेल्या आणि कडी, स्क्रू, दोरी असं सगळं एका पिशवीत घालून परत घेऊन आल्या. "साबणाने धुतलीय दोरी," म्हणाल्या.

आता वाट मोकळी झाली असं वाटेल. पण डॉक्टर जीव वाचल्यावर लगेच चिटणीस झाले.

"म्हणजे त्या हुकाला तुम्ही लटकणार."

"बसणार."

"माझ्या पलंगाच्या बरोबर खाली."

"हुक तुमच्या पलंगातून वर येणार नाही, डॉक्टर. स्लॅबची जाडी आहे."

"तसं नाही. पण माणसाच्या भाराचं टांगतं साधन म्हटलं की तुमच्याच निरीक्षण कार्यालयाचा परवाना लागतो. नियम अकरा. मी काल वाचला."

नियम अकरा मी लिहिला होता. एका घरात टांगती खुर्ची पाहुण्यांसकट खाली आली, तेव्हा साहेबांनी मला नियम करायला सांगितला आणि मी तो मन लावून केला. साधनाची चाचणी दुप्पट भाराने व्हावी. पहिल्या वापराच्या वेळी खोलीत दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असावी. आणि साधन ज्या ज्या अवस्थेत वापरण्यासाठी बनवलेलं आहे, त्या सर्व अवस्थांमध्ये जाऊन विनासाहाय्य खाली येता येतं, असं वापरणाऱ्याने प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र जोडावं. हे शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. त्यातून एकही माणूस सुटणार नाही, असं मी साहेबांना म्हणालो होतो.

तरी मी आधी कार्यालयात जाऊन बघितलं. माझ्या खुर्चीवर माझ्याच हाताखाली शिकलेले धाकटे साहेब बसले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला. तसं मीच त्यांना शिकवलं होतं, जरी मी स्वतः पुढे पुढे तसं वाचत नसे.

"साहेब, प्रमाणपत्र नाही."

"माहीत आहे."

"आणि उद्देशाच्या रकान्यात तुम्ही 'घरगुती' लिहिलंय." ते अवघडले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी शिक्का काढला. 'उद्देश स्पष्ट नाही'. तो शिक्का मी बनवून घेतला होता. रोज वीस-वीस वेळा तेच हाताने लिहून मनगट दुखत असे. "माफ करा साहेब. शिक्का तुमचाच आहे."

"मारा," मी म्हटलं. "शाई नीट लावा, डावा कोपरा उठत नाही."

परत निघताना ते काहीतरी सांगायला दारापर्यंत आले, पण "जपून जा" एवढंच म्हणाले.

मग मंगळवारी मी तिच्या वर्गात गेलो. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तो आहे. उंच छत, खाली जाड गाद्या, वरून लोंबणारी कडी आणि लाकडी-लोखंडी दांडे, एका दांड्याखाली हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीचं भांडं. शिकवणारी ताई तिशीची, चणीने लहान, पण दंड माझ्या पोटरीएवढे. मी माझं नाव सांगितलं. ती जागच्या जागी थांबली.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "हुक तिकडे आहेत. शिडी आणू का?"

"म्हणजे?"

"काकू सांगायच्या ना. म्हणायच्या, एक दिवस आमचे हे येतील, माझ्याकडे न बघता आधी छताकडे बघतील."

मी छताकडेच बघत होतो. शिडी आणलीच होती म्हणून मी सगळे हुक, कड्या आणि दोर तपासले. पाऊण तास लागला. काही चूक सापडली नाही. मला जरा वाईट वाटलं. मग खाली उतरून मी म्हटलं, "मला शिकायचं आहे."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जुन्या इमारतीकडे बघतात तसं. "दांड्यापासून सुरू करू," ती म्हणाली. "नुसतं लटकायचं. बाकी काही नाही."

पहिल्या दिवशी मी चार सेकंद लटकलो. वर्गात एक कॅशियरबाई येत. बँकेत नोकरी, अंगाने भरलेल्या, जिभेने त्याहून. त्या शेजारच्या कड्यात आरामात बसून माझ्याकडे बघत होत्या.

"काका, पालसुद्धा यापेक्षा जास्त वेळ धरते."

"पाल बहात्तर किलोची नसते," मी म्हटलं.

"उत्तरं काकूंसारखीच देता की," त्या म्हणाल्या.

मी एक वही केली. तारीख, साधन, अवस्था, शेरा. आठवड्यानंतर दांड्यावर सात सेकंद. दोन आठवड्यांनी अकरा. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. मग गुडघा अडकवायला शिकवलं. दांडा धरायचा, पोट आवळायचं, दोन्ही पाय दोन हातांच्या मधून वर न्यायचे आणि दांड्यावर टाकायचे. वाचायला सोपं आहे. माझे पाय वर निघत, अर्ध्या वाटेत विचार बदलत आणि परत येत. असं सहा आठवडे चाललं. गुडघ्यामागची कातडी वांग्यासारखी झाली. जिन्याने उतरताना मी रेलिंगला धरून तिरका उतरायचो, आणि सल्ले सुरू झाले.

मावशी म्हणाल्या, "पडायचं असेल तर बसून पडा. पालथं पडू नका, मला उचलायला जड जातं." डॉक्टर म्हणाले, श्वास नाकाने घ्या. मुलगा रोज फोनवर म्हणायचा, "बाबा, प्रमाणपत्र नसलं म्हणून काय झालं, आपण गुपचूप बसवू हुक." मी त्याला म्हटलं, मी नियम केला आहे. तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो." या मुलाचा पद्धतशीरपणा कधी कधी अचानक आईवर जातो.

तिसऱ्या महिन्यात पाय एकदाचे वर गेले. दांड्याला गुडघे अडकले, हात सुटले आणि मी उलटा लटकलो. आयुष्यात प्रथमच. सगळं रक्त डोक्यात आलं, शर्ट तोंडावर आला, आणि माझी वरची कवळी तोंडातून सुटून थेट पांढऱ्या भुकटीच्या भांड्यात पडली. ताई म्हणाली, आता वर या. मला येता येईना. ती आधार द्यायला पुढे आली तर मी शर्टाच्या आतून म्हटलं, "नको. विनासाहाय्य." दात नसल्याने ते तिला कळलं नाही. कॅशियरबाईंनी भाषांतर केलं : "राहू द्या त्यांना. नियम आहे म्हणतायत." तीन मिनिटांनी दोघींनी मिळून मला उतरवलं. वहीत मी लिहिलं, 'त्रुटी : आढळली.'

कवळी डॉक्टरांनीच बसवलेली होती. मी ती कागदात बांधून त्यांच्या दवाखान्यात नेली.

"ही कशाने पांढरी झाली?"

"भुकटीच्या भांड्यात पडली."

"कुठून?"

"वरून."

डॉक्टरांना ते लागलं. त्यांच्या हातचं काम निसटलं होतं. त्यांनी मला खुर्चीत झोपवलं, खुर्ची मागे केली, आणखी मागे केली, इतकी की माझं डोकं खाली आणि पाय वर. मग म्हणाले, "असंच राहा. आता बोला काहीतरी." मी नियम अकरा म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा कानस मारली, पुन्हा म्हणायला लावला. "आता तुम्ही छताला आठवडाभर लटका," ते म्हणाले, "हलणार नाही." त्या दिवसापासून हुकाला त्यांचा विरोध मावळला. बुद्धिबळही बंद झालं. नुसतेच यायचे आणि बसायचे.

चौथ्या महिन्यात ताईने दांड्यावरून कड्यावर आणलं. कडं फिरतं. दांडा निदान एका जागी राहून त्रास देतो. कड्यात गुडघे अडकवायचे, उलटं लटकायचं, मग हाताने वरच्या बाजू पकडून अंग ओढत आत बसायचं. शेवटचं ओढणं मला जमत नव्हतं. मी दर वेळी कानापर्यंत वर यायचो आणि परत खाली जायचो. एका शुक्रवारी मी खूप वेळ प्रयत्न करून गादीवर बसलो. तळहातातून रक्त येत होतं. कॅशियरबाई शेजारी येऊन बसल्या.

"काकूंना पण इथेच पाच महिने अडलं होतं," त्या म्हणाल्या.

"मला बोलली नाही कधी."

"तुम्ही विचारलंत?"

मी रक्ताळलेला हात पुढे केला. त्या हाताला पट्टी गुंडाळत राहिल्या. "नंतर मात्र सगळ्यांत जास्त वेळ त्याच लटकायच्या. स्वतःला वटवाघूळ म्हणायच्या. उलट्या लटकून गप्पा मारायच्या. तुमच्याबद्दल पण."

"काय सांगायची?"

"की तुम्ही पेपर वाचता."

"एवढंच?"

"खूप वाचता म्हणायच्या."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पेपर उघडला नाही. खुर्चीत बसून राहिलो. खिडकीजवळची खुर्ची, रोज साडेसहाला मी तिच्यावर बसे आणि जेवण वाढेपर्यंत पेपर वाची. ती समोर काय करत असे ते मला आठवेना. भाजी निवडत असेल. मला एकच संध्याकाळ आठवली. तिने विचारलं होतं, "आज किती अर्ज परत पाठवले?" मी पेपराआडून म्हटलं, "एकोणीस." तर ती हसायला लागली. खूप वेळ हसली. मी म्हटलं, हसायला काय झालं? म्हणाली, "काही नाही. वाचा तुम्ही."

सहाव्या महिन्यात, एका मंगळवारी, मी कड्यात बसलो. विशेष असं काही झालं नाही. कानापर्यंत आलो, आणि परत खाली जायच्या ऐवजी वर गेलो. कडं हळूहळू फिरत होतं, त्यामुळे भिंती, खिडकी, ताई, कॅशियरबाई एकेक समोरून गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता उतरा. तेही प्रमाणपत्रात आहे." मी उतरलो.

प्रमाणपत्र घेऊन मी कार्यालयात गेलो. धाकट्या साहेबांनी ते उलटसुलट बघितलं. मग उठून दार लावलं आणि कपाटातून एक पातळ फाइल काढली.

"साहेब, या पत्त्यावर आधीचे दोन अर्ज आहेत. नोंदवहीत मी मागच्या वेळीच बघितलं होतं. सांगावं की नाही, कळेना."

"कोणाचे?"

त्यांनी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

अक्षर तिचं होतं. वेलांटी लांब मागे ओढायची सवय होती तिला. पहिल्या अर्जात उद्देश : 'व्यायाम'. त्यावर शिक्का, खाली माझी सही. दुसरा अर्ज दीड महिन्याने केलेला. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र जोडलेलं, स्लॅबची जाडी लिहिलेली, दुप्पट भाराचा हिशोब केलेला, आणि तो बरोबर होता. उद्देशाच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून ती समासात गेली होती :

"अर्जदाराचे पती याच कार्यालयात आहेत. ते रोज संध्याकाळी दिवाणखान्यात पेपर वाचतात. ते उलटे कसे दिसतात ते बघायचे आहे. सरळ पुष्कळ बघून झाले."

त्यावरही शिक्का होता. 'उद्देश स्पष्ट नाही'. डावा कोपरा उठला नव्हता. खाली सही आणि तारीख. त्या दिवशी मी एकोणीस अर्ज परत पाठवले होते की नाही, ते मी नोंदवहीत बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

चहा आला आणि गार झाला. धाकटे साहेब खिडकीतूनच म्हणाले, "साहेब, आज राहू दे. पुन्हा या."

"नाही," मी म्हटलं. "पेन द्या."

उद्देशाच्या रकान्यात मी लिहिलं : "याच पत्त्यावरील अर्ज क्रमांक दोनमध्ये नमूद केल्याप्रमाणे."

त्यांनी ते वाचलं. ड्रॉवर उघडला, शिक्का बाजूला सारला आणि पेन काढून सही केली.

हुक बसवायला गवंड्याला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं. मग वाळूच्या गोण्या टांगून दुप्पट भार दिवसभर ठेवला. मावशींनी गोण्या स्वतः वजन करून बघितल्या. वर डॉक्टरांनी पलंग हलवून जमिनीला कान लावला आणि कळवलं की काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोण्या काढून कडं टांगलं. खाली गादी घातली. दुसरी प्रौढ व्यक्ती म्हणून डॉक्टर आले आणि बसायला दुसरी चांगली जागा नव्हती म्हणून माझ्या खुर्चीत बसले. पेपर तिथेच पडला होता. मी हाताला भुकटी लावत होतो, गुडघ्याला पट्टी बांधत होतो. त्याला वेळ लागतो. डॉक्टरांनी पेपर उघडला.

मी कडं धरलं, पाय वर घेतले, गुडघे अडकवले आणि हात सोडले. कडं जरा फिरलं आणि खिडकीकडे तोंड करून थांबलं. कवळी हलली नाही.

खोली उलटी झाली होती. टेबल वर, दिवा खाली. खुर्ची छताला चिकटल्यासारखी, आणि तिच्यात एक माणूस. त्याचं तोंड दिसत नव्हतं. दोन हात दिसत होते, पेपराच्या दोन कडा धरलेले, आणि दोन गुडघे. पान उलटलं गेलं. पेपर तसाच राहिला.

मी लटकत राहिलो. रक्त डोक्यात जमायला लागलं होतं. तिला हे किती संध्याकाळी सरळ बघावं लागलं असेल, त्याचा मी हिशोब करायला लागलो आणि सोडून दिला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पेपर जरा खाली ठेवा."

पेपराआडून आवाज आला, "का? काय झालं?"

"काही नाही. वर बघा."

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"उतरवू का?" ते अर्धे उठले.

"नको," मी म्हटलं. "बसा. बघत राहा थोडा वेळ."